‘कामगंध सापळा’ हा शब्द लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी चालेल का?

प्रश्न (चोपडा):
लाकूड पोखरणाऱ्या जंगली भुंगेऱ्यांचा अभ्यास फेरोमोन (कीटक एकमेकांना संदेश द्यायला सोडतात ते गंधद्रव्य) आणि सापळे वापरून कसा करतात, यावर सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांसाठी मी एक माहितीपत्रक लिहीत आहे. बोंडअळीमुळे ‘कामगंध सापळा’ हा शब्द आपल्याकडे बांधाबांधावर रुळला आहे. तोच इथे वापरावा का? शिवाय ‘बार्क बीटल’साठी, म्हणजे झाडाच्या सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यासाठी, मी ‘साल भुंगेरा’ असे लिहिले, तर एका सहकाऱ्यांनी ते सालवृक्षाचे भुंगेरे समजून वाचले.

उत्तर (यावल):
कपाशीत तो शब्द चोख बसतो, कारण तिथे मादीचा गंध ल्यूरमध्ये (सापळ्यात लावायच्या गंधाच्या गोळीत) असतो आणि सापळ्याच्या पिशवीत केवळ नर पतंग सापडतात. खोडाच्या सालीखाली राहणाऱ्या अनेक भुंगेऱ्यांचे तसे नाही. पहिला भुंगेरा झाडात शिरला की त्याच्या गंधावर नर आणि माद्या दोन्ही झुंडीने येतात, कारण जिवंत झाडाच्या डिंकापुढे एकट्याचा निभाव लागत नाही. इथे ‘काम’ कमी आणि ‘या रे या’ अशी हाक जास्त आहे, म्हणून मी ‘समूहगंध’ लिहीन. आमच्या केळीच्या सोंडकिड्याचा गंधही नर सोडतो आणि त्यावर दोन्ही येतात. तरी त्यालाही सर्रास ‘कामगंध’ म्हणतात, हे मला खटकते. ‘फेरोमोन’ या मूळ शब्दात कामाचा मागमूस नाही. १९५९ साली कार्लसन आणि ल्यूशर यांनी ‘वाहून नेणे’ आणि ‘चेतवणे’ या अर्थांच्या ग्रीक धातूंवरून तो घडवला.

उत्तर (धुळे):
दोष केवळ मराठीचा नाही. पाँडेरोसा पाइन पोखरणाऱ्या नर भुंगेऱ्यांच्या भुशातून १९६६ मध्ये तीन गंधद्रव्ये ओळखली गेली, तेव्हा शास्त्रज्ञांनीही त्यांना ‘लैंगिक आकर्षक’ असेच म्हटले होते. ‘समूह’ हा शब्द पुढे रुळला.

‘साल’चा घोटाळा मात्र आपला आहे. मध्य प्रदेशातील सालवनांत सालवृक्ष पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी झाडे पाडून, ओंडक्यांची साल ठेचून ठेवतात आणि पाझरणाऱ्या रसाच्या वासावर आलेले भुंगेरे वेचतात. तिथे आकर्षण झाडाच्या रसाचे असते, तयार ल्यूर नसतेच, म्हणून त्याला ‘सापळा-झाड’ म्हणावे. ‘गंधसापळा’ हे ल्यूरचा सापळा आणि सापळा-झाड या दोन्हींना कवेत घेणारे नाव ठरेल. बार्क बीटलला ‘सालीखालचा भुंगेरा’ असे विभक्तीसह लिहिले की वृक्षाचा भास होणार नाही. आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्याला ‘घुण’ हा जुना शब्द आहेच: ‘घुणाक्षरन्याय’ त्याच्याच पोखरलेल्या रेषांवरून आला. युरोपातील स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या भुंगेऱ्याला निसर्गशास्त्रज्ञ लिनेअसने १७५८ मध्ये ‘टायपोग्राफस’, म्हणजे मुद्रक, हे नाव दिले, तेही सालीखालच्या नक्षीमुळेच.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ‘समूहगंध’ आणि ‘सालीखालचा भुंगेरा’ हे दोन्ही घेतले. ‘घुण’ फक्त चौकटीत देतो, कारण मुलांना तो शब्द धान्यातल्या किड्याचा वाटेल. सापळ्यापुढे ‘नियंत्रणासाठी’ असे लिहिले होते, ते खोडून ‘टेहळणीसाठी’ केले. आठवड्याला किती भुंगेरे सापडले, हे मोजणे हाच तिथे उद्देश आहे. ‘ल्यूर’ मात्र तसाच ठेवला आहे, ‘आमिष’ म्हटले की मुलांना गळाला लावलेले गांडूळ आठवते.