निवेदकाला खरंच आठवत नसेल, तर वाचकाला फसवलं असं होतं का?

रंकाळाकाठची
नमस्कार मंडळी. कादंबरी लिहितेय आणि एका जागी अडलेय. काळ कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुराचा. निवेदकाची मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. ७ ऑगस्टच्या रात्री त्याचा थोरला भाऊ बेपत्ता होतो. हा सगळ्यांना सांगतो, "मी गाडी घेऊन शिरोलीवरनं सांगलीला गेलो होतो, दादा घरीच होता." प्रत्यक्षात दोघं भाऊ गोदामात पाण्यात उभं राहून गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, माळ्यावर चढवत होते. तो मुद्दाम खोटं बोलत नाही, त्याच्या डोक्यातून ती रात्रच गेलीय.

सांगणाऱ्यावरच विश्वास ठेवता येत नाही अशा गोष्टी मला जिवापाड आवडतात. म्हणूनच शेवटी नुसतं 'त्याला आठवत नव्हतं' म्हणून सुटायचं नाहीये मला. वाचकाने मागची पानं उलटावीत आणि त्याला ते तिथंच सापडावं. खुणा कुठं आणि किती पेरू?

पंचगंगेचा
ताई, खूण तुम्ही स्वतःच लिहून ठेवलीय की! त्या रात्री शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद. गाडी जाणार कुठनं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३, हे त्या आठवड्यात इथल्या पोराटोरांनाही पाठ होतं. दोन प्रकरणं आधी दुकानातल्या हमालाच्या मोबाईलवर पातळीचा मेसेज येऊ दे, बाकी काही बोलू नका. कोल्हापूरचा वाचक तिथंच थबकेल. मुंबईच्या वाचकाला उशिरा कळेल, पण पुस्तकात छापलेलं तर असेल ना!

मानसशास्त्राची मास्तरीण
मला वाटतं, त्याला ही आठवण दिली कुणी, इथून सुरुवात करा. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. गाड्या 'आदळल्या तेव्हा वेग किती होता' असं काहींना विचारलं आणि काहींना 'चक्काचूर झाल्या तेव्हा'. दुसऱ्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने त्यांच्यातल्याच जास्त जणांना फुटलेली काचही आठवली. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

तुमच्याकडे हा प्रश्न वहिनीच्या तोंडी द्या: "भाऊजी, तुम्ही सांगलीला पोचला तेव्हा वाजले किती होते?" बस्स. पहिल्यांदा तो नुसतं "उशीर झाला होता" म्हणेल. पुढच्या वेळी वायपर आठवेल, नंतर चहाच्या टपरीवरच्या माणसाचा चेहरा. दर वेळी तपशील वाढत जातात, हे चाणाक्ष वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

आणि डोक्याला दुसरा मार बसून सगळं लख्ख आठवलं, असलं काही कृपा करून नको. १९५३ मध्ये हेन्री मोलायसन या रुग्णाच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, बराच भाग शस्त्रक्रियेने काढला. त्यानंतर नव्या घटना त्यांच्या लक्षात राहात नव्हत्या. तरी आरशात बघून चित्र गिरवण्यात त्यांचा हात दिवसागणिक सुधारला, आणि आदल्या दिवशी हेच केलं होतं हे त्यांना आठवत नव्हतं. तुमच्या निवेदकाचा त्रास वेगळा आहे, पण त्याच्याही शरीराला काहीतरी ठाऊक असू द्या.

रात्रपाळीवाला
मी वाचक म्हणून सांगतो, खुणा जास्त नकोत. रात्री कामावर वाचतो, तिसऱ्या प्रकरणात उलगडलं तर पुस्तक तिथंच राहतं. एक मात्र पाळा. तो एकटा असताना मनातल्या मनात जे बोलतो, ते त्याच्यापुरतं खरंच असू दे. मनातही तो आमच्यासाठी नाटक करायला लागला तर मी लेखकाला माफ करत नाही.

रंकाळाकाठची
मनातल्या बोलण्याचं पटलं, तसंच ठेवते. आणि शरीराचं सुचलं! रवे चढवताना दोर सुटला, त्याचा वळ त्याच्या तळहातावर आहे. त्या वळाचं कारण तो प्रत्येकाला वेगळं सांगेल, आणि प्रत्येक वेळी त्याला स्वतःला ते पटलेलं असेल. मॅडम, वहिनीचा प्रश्न पोलिसांच्या जबाबाआधी ठेवू की नंतर?

मानसशास्त्राची मास्तरीण
आधीच. म्हणजे जबाबात तो सांगलीचं नाव आपणहून घेईल, आणि पोलीस ते लिहून घेतील.