दोन हेड, दोन कॅबिनेट: स्पीकरकडचा स्विचर घ्यावा की नाही?

राजारामपुरीकर:
आमच्या सरावाच्या खोलीत आता दोन ट्यूब हेड (गिटारचे व्हॉल्व्हवाले अँप्लिफायर) आणि दोन कॅब (स्पीकरच्या पेट्या) झालीत. कुठलंही हेड कुठल्याही कॅबवर वाजलं पाहिजे, दर गाण्याला मागं वाकून जॅक काढघाल नको. माझं ठाम मत असं की पैसे घालायचे तर स्पीकरकडच्या स्विचरमध्येच (हेड आणि कॅबच्या मध्ये बसून जोडणी बदलणाऱ्या पेटीत) घालावेत, आणि तोही गप्प बसलेल्या हेडला आपोआप लोड (स्पीकरच्या जागी वीज खाणारा रेझिस्टर) देणारा. ट्यूब हेडमधून सिग्नल जात असताना स्पीकर सुटला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. दोन ट्यूब हेड आणि एकच कॅब असेल तर रेडियल कंपनीचा हेडबोन व्हीटी त्यासाठीच आहे. एक हेड, दोन कॅब असतील तर त्यांचाच कॅबबोन. त्याहून मोठी जोडणी हवी तर जर्मनीचा अँपीट ४४एस, चार हेड आणि चार कॅबचा. तुमचं काय मत?

शाहूपुरी चौथी गल्ली:
मला हे पटत नाही भावा. स्पीकरच्या वायरीला हातच कशाला लावायचा? प्रत्येक हेडला त्याचं कॅब कायमचं जोडून ठेव आणि गिटारच्या बाजूला एबीवाय पेडल (गिटारचा सिग्नल एका, दुसऱ्या किंवा दोन्ही हेडना पाठवणारं) लाव. दोन्ही हेडना स्पीकर आहेच, म्हणजे तुझी ट्रान्सफॉर्मरची भीती मुळातच संपली. फक्त पेडल बफर (सिग्नल कमजोर होऊ न देणारं सर्किट) असलेलं आणि एका आउटपुटला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन हेडची ग्राउंड वेगळी ठेवणारा) असलेलं घे. गणपतीच्या मंडपात एक हेड स्टेजवरच्या बोर्डावर आणि दुसरं साउंडवाल्याच्या बोर्डावर लावलं की ग्राउंड लूप (दोन अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) होतो आणि गूं सुरू. तेवढ्यासाठी काही पोरं प्लगची अर्थिंगची पिन काढतात. ते कधीही करू नका, जिवाशी खेळ आहे. पेडलला फेज (सिग्नलची उलटसुलट दिशा) उलटवायचं बटणही बघ. दोन हेड एकदम वाजवल्यावर खर्ज पातळ झाला तर बहुतेक वेळा फेजच उलटी असते.

उद्यमनगर:
एवढा बाहेरचा माल कशाला? स्विचरची पेटी इथंच कापून मिळते. दोन-पोल रोटरी स्विच, बसलेल्या हेडसाठी ८ ओहमचे जाड वायरवाउंड रेझिस्टर, ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर. झालं की काम.

राजारामपुरीकर:
दादा, तुमच्या हातावर विश्वास आहे, पण स्विच फिरतानाचा क्षण बघा. साधा स्विच आधी सुटतो, मग जुळतो. मधल्या फटीत हेड उघडं पडतं. उलट आधी जुळणारा घेतला तर क्षणभर दोन हेडची आउटपुट एकमेकांना भिडतात, ते तर त्याहून वाईट. चांगल्या हेड-स्विचरमध्ये आधी गिटारचा सिग्नल बंद होतो, मग रिले (विजेवर हलणारे स्विच) हलतात, मग सिग्नल परत येतो. पैसे त्या क्रमाचे आहेत. मी तर विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारणार: कार्यक्रम चालू असताना स्विचरचा अडॅप्टर कुणाच्या तरी पायानं सुटला, तर रिले कुठं जाऊन बसतात? दोन्ही हेडना लोड उरतो का? याचं उत्तर मॅन्युअलमध्ये छापलेलं नसेल तर ती पेटी नको.

उद्यमनगर:
बरोबर आहे. पण हेड स्टँडबायवर (ट्यूब गरम, पण आवाज बंद) टाकून स्विच फिरवला तर ती फट आडवी येत नाही. सरावाच्या खोलीत कुणाला घाई आहे?

रंकाळा बेस:
बेसवाल्यांसाठी एक गोष्ट जोडतो. काही ट्रान्झिस्टर आणि क्लास-डी हेडचं आउटपुट ब्रिज्ड असतं, म्हणजे स्पीकरची काळी वायरसुद्धा ग्राउंड नसते. सगळ्या जॅकची बाही (बाहेरचा धातूचा भाग) एकत्र जोडलेला स्विचर तिथं शॉर्ट करतो. दोन्ही वायरी एकदम स्विच करणाराच घ्या. आणि स्पीकरला स्पीकरचीच केबल लावा, गिटारची नको. जॅक सारखाच दिसतो, पण आतली तार बारीक असते, ती तापते.

शाहूपुरी चौथी गल्ली:
बघ, किती ठिकाणी फसायची जागा आहे! आता ओहमचंही सांग. तुझी कॅब किती ओहमची?

राजारामपुरीकर:
दोन्ही १६ ची. समांतर जोडली की ८, म्हणून दोन्ही कॅब एकदम चालवताना हेडचा ओहमचा सिलेक्टर ८ वर, एकच कॅब असेल तेव्हा १६ वर. ८-८ ची असती तर जोडून ४ झाले असते, ते मी आधीच टाळलं. एबीवायनं माझं अर्धंच काम होतं. पहिल्या हेडची धार दुसऱ्या कॅबच्या ग्रीनबॅक स्पीकरवर कशी वाजते, हेच तर मला ऐकायचंय. पण ग्रीनबॅक एक २५ वॅटचा, दोन मिळून ५०. त्यावर ५० वॅटचं हेड पूर्ण उघडायचं नाही, हेही ध्यानात आहे.

शाहूपुरी चौथी गल्ली:
खोलीत तुझा स्विचर ठेव, ऐकायला मी येतो. मंडपात मात्र माझं एबीवायच येणार. तिथं अंधारात, गर्दीत, कॅबमागची वायर कोण तपासणार?

राजारामपुरीकर:
मंडपापुरतं मान्य. ये शनिवारी, तुझी ती स्पीकर केबल घेऊन ये, माझ्याकडं एक कमी आहे.