फ्लोरेन्समध्ये एकच दिवस आहे, कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची छत्री (स्मारक) बघायला जमेल का?

रंकाळ्याची_पोर:
नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, सध्या ट्रेनिंगसाठी तीन महिने मिलानमध्ये आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका गुरुवारी सुट्टी मिळालीय तर एकटीच फ्लोरेन्सला जायचं ठरवलंय, सकाळी फास्ट ट्रेनने जायचं आणि रात्री परत, मुक्काम नाही. ऑफिसातले लोक म्हणतात उफिझीचं चित्रसंग्रहालय बघ, मायकलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा बघ, कॅथेड्रलच्या घुमटावर चढ. आणि घरी व्हिडीओ कॉलवर सांगितलं तर आजोबांनी बाकी काही विचारलंच नाही, म्हणाले "तिथं आपल्या महाराजांची छत्री हाय, तेवढं हात जोडून ये". आजोबा राजाराम कॉलेजला शिकलेले, त्यांना त्या नावाचं लई आहे. पण मॅपवर बघितलं तर छत्री शहराच्या पार एका टोकाला दिसतेय. एवढ्या एका दिवसात जमेल का? आणि एकट्या मुलीनं तिकडं जाणं ठीक आहे का? कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा.

शाहूपुरी_चौथी_गल्ली:
ताई जाच. मी दोन वर्षांमागं गेलो होतो, तो पण एकटाच. स्टेशनच्या बाहेरूनच टी-वन ट्राम मिळते, व्हिल्ला कोस्तांझाकडं जाणारी, कास्चिने स्टॉपला उतरायचं. तिकीट ट्राममध्ये चढल्या चढल्या मशिनला पंच करायचं, नाहीतर खिशात तिकीट असून पण दंड बसतो. तिथून कास्चिने नावाचं भलंमोठं पार्क आहे, नदीच्या काठाकाठानं सरळ पश्चिमेला चालत राहायचं, पाऊण तास धर. वाटेत विचारायची वेळ आली तर "इंडियानो" एवढंच म्हण, त्या जागेला तिथं तेच नाव आहे आणि शेजारच्या मोटारींच्या मोठ्या पुलाचं नावसुद्धा त्यावरूनच पडलंय. कोल्हापूरच्या राजावरून तिकडं पुलाला नाव आहे हे मला तिथं जाईपर्यंत माहीतच नव्हतं.

आता छत्रीचं सांगतो. महाराज १८७० साली विलायतेला गेले होते, परत येताना फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले, वय फक्त वीस. तिथं तेव्हा दहनाची पद्धतच नव्हती, खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. आपण पंचगंगेच्या घाटावर वाढलेली माणसं, आपल्याला संगम म्हणजे काय हे सांगायला लागत नाही, पण परक्या मुलखात सोबतच्या लोकांनी त्या दिवसात संगम शोधून काढला असेल ना, ते तिथं उभं राहिल्यावर पोटात कालवतं बघ. १८७४ साली तिथंच छत्री उभी केली. चार खांबांवर घुमट, खाली महाराजांचा रंगवलेला संगमरवरी अर्धपुतळा, डोक्याला पागोटं, भोवती लोखंडी कठडा. चेहरा एकदम कोवळा आहे, आपल्या इथल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरासारखा. मी गेलो तेव्हा एक इटालियन आजी कुत्रं घेऊन शेजारच्या बाकावर बसली होती, मी हात जोडले तर ती पण उठून उभी राहिली.

दगडी_चाळ_ते_देश:
वरच्या भावानं छान लिहिलंय, एक भर घालतो. त्या छत्रीचं डिझाईन चार्ल्स मँटचं आहे, म्हणजे आपला नवा राजवाडा आणि टाऊन हॉल ज्यानं काढला तोच. घुमट बघितलास की टाऊन हॉलच्या बागेत उभं असल्यासारखं वाटेल. आणि महाराज त्या प्रवासात इंग्रजीत रोजनिशी लिहायचे, ती १८७२ साली लंडनला छापली गेली. जमलं तर जायच्या आधी थोडी वाच, नेटवर स्कॅन सापडतं. वीस वर्षांच्या मुलानं काय काय बघितलं ते कळलं की पुतळा नुसता दगडाचा राहत नाही.

संभाजीनगर_कट्टा:
छत्रीला विरोध नाही पण पहिल्यांदा फ्लोरेन्सला जातेस तर डेव्हिड सोडू नको. १७ फूट उंच एकाच संगमरवराच्या दगडातून काढलाय, आणि तो दगड दुसऱ्या शिल्पकारांनी आधीच अर्धवट फोडून टाकून दिलेला. चौकात कॉपी उभी आहे, लोक तिच्यापुढं फोटो काढून समाधान मानतात, तसं करू नको, अस्सल अकादमिया म्युझियममध्ये आहे. उजव्या हाताचा पंजा नीट बघ, शिरा दिसतात.

उफिझी मात्र ह्या वेळी राहू दे, अर्ध्या दिवसात उफिझी म्हणजे नुसती पळापळ. आणि घुमटाचं तिकीट ऑनलाईन वेळेसकट घ्यायला लागतं, ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, वेळ चुकली की आत घेत नाहीत. माझं एका वेबसाईटवरून काढलेलं तिकीट चुकीच्या तारखेचं निघालं आणि पैसे बुडाले, म्हणून सांगतो, कॅथेड्रलच्या स्वतःच्या साईटवरूनच काढ. ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकारानं तो घुमट १४२० ते १४३६ मध्ये खालून लाकडी सेंटरिंगचा आधार न देता चढवलाय, जिना दोन भिंतींच्या मधून जातो, विटा हेरिंगबोन पद्धतीनं, म्हणजे माशाच्या काट्यासारख्या, कशा लावल्यात ते हाताच्या अंतरावर दिसतं. मी सिव्हिलवाला, मला तर तिथून हलावंसंच वाटेना.

रंकाळ्याची_पोर:
सगळ्यांना मनापासून थँक्यू!! घुमट आणि डेव्हिड दोन्ही बुक करते. मग छत्रीला संध्याकाळी पाचला गेले तर?

शाहूपुरी_चौथी_गल्ली:
नको, संध्याकाळी अजिबात नको. दिवसा तिथं पळणारे, सायकलवाले, पोरंबाळं असतात, काही भीती नाही, पण अंधार पडला की त्या टोकाला एकट्यानं थांबायचं नाही, मुलगी असो मुलगा असो. स्टेशनवर उतरलीस की पहिलं तिकडंच जा.

मिरजकर_तिठ्ठा:
खाण्याचं कुणीच सांगितलं नाही म्हणून. रिबोलिता घे, शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी घालून शिजवतात, आपल्या आमटीत भाकरी कुस्करल्यासारखं लागतं. गाड्यावर लाम्प्रेदोत्तो म्हणून पाव मिळतो, ती वजडी आहे पण गाईची, चालत नसेल तर लक्षात ठेव. कॉफी काउंटरला उभ्यानं पी, बसून प्यायली की बरेच ठिकाणी दर वाढतो. आणि संध्याकाळी पोंते वेक्कियो पुलावर जा, पूल १३४५ चा आणि १५९३ पासून त्यावर सोनारच बसतात, पूर्वीचे खाटीक राजानं उठवले. आपली सोनारांची गुजरी सरळ पुलावर नेऊन ठेवलीय असं वाटतं, खिडक्यांत सोनं आणि खालनं नदी.

रंकाळ्याची_पोर:
ठरलं मग, पहिली छत्री, दुपारी घुमट, मग डेव्हिड, शेवटी पुलावरची गुजरी. आत्ताच आजोबांना फोन केला. मी सकाळी साडेदहाला तिथं पोचले तर कोल्हापुरात दुपारचे दोन वाजलेले असतील, त्यांची झोपायची वेळ, पण म्हणाले त्या दिवशी झोपणार नाही, फोन घेऊन बसतो. आणि विचारत होते, कठड्याबाहेरून फूल ठेवता येतं काय?

शाहूपुरी_चौथी_गल्ली:
येतं की. मी ठेवलं होतं. स्टेशनजवळ फुलवाले आहेत, तिथूनच घेऊन ट्राममध्ये बस, पुढं पार्कमध्ये काही मिळत नाही.