मदत हवी आहे: न्यूकमध्ये कीइंग केल्यावर केसांना काळी कड

काळीकड: हिरव्या पडद्यावरचा शॉट, न्यूक (चित्रं एकत्र जोडायचं सॉफ्टवेअर). कीइंग केलं (हिरवा रंग काढून माणूस वेगळा केला), ग्रेड टाकला (रंग सुधारले), मर्ज केलं (मागच्या चित्रावर बसवला). केसांभोवती काळपट रेघ येते. कीइंग करणाऱ्या कीलाइट नोडचे (नोड म्हणजे एकेका कामाचा डबा) सगळे नॉब फिरवून झाले. उद्या सकाळी द्यायचाय, पटकन सांगा.

रोटोवाला: फिल्टरइरोड (कडा कुरतडणारा नोड) लाव, २ पिक्सेल. कड गायब.

नोडगाठ: कडेबरोबर केसही गायब! एकेक बट पिक्सेल-दोन पिक्सेलची असते, टोप घातल्यासारखं दिसेल. काळीकड, नोडचा क्रम द्या. मधलं काही वगळू नका.

उजेडवाला: पडद्यावर प्रकाश सगळीकडे सारखा हवा आणि माणूस पडद्यापासून लांब उभा हवा. निम्मं काम तिथेच होतं.

काळीकड: शूट कधीच झालंय हो. क्रम काय, नेहमीचाच: रीड, कीलाइट, प्रीमल्ट, ग्रेड, मर्ज.

नोडगाठ: मग प्रीमल्ट उडवा. प्रीमल्ट म्हणजे रंगाला अल्फाने (पिक्सेल किती अपारदर्शक, ० ते १) गुणणं. कीलाइटचा फायनल रिझल्ट प्रीमल्ट होऊनच येतो, तुम्ही दुसऱ्यांदा गुणताय. कडेचा एक पिक्सेल घ्या: रंग ०.८, अल्फा ०.५, मागचं चित्र ०.६. बरोबर हिशोब ०.८×०.५ + ०.६×०.५, म्हणजे ०.४ + ०.३ = ०.७. तुमचा ०.२ + ०.३ = ०.५. हीच ती काळी रेघ. अल्फा १ असतो तिथे फरक पडत नाही, म्हणून चेहरा ठीक दिसतो.

रोटोवाला: त्यापेक्षा मर्जचं ऑपरेशन (चित्रं जोडायची पद्धत) ओव्हरऐवजी मॅट करा.

नोडगाठ: मॅट स्वतःच ए इनपुटला (वरच्या चित्राला) अल्फाने गुणतं. तिसरा गुणाकार! आणखी काळं होईल.

काळीकड: केस सुटले. पण आता मागचं चित्र धुरकट दिसतंय. ग्रेड बंद केला की ठीक.

नोडगाठ: ग्रेडमधला ऑफसेट (सगळ्या पिक्सेलमध्ये मिळवायचा आकडा) किती?

काळीकड: ०.०२

नोडगाठ: माणूस नाही तिथेही ते ०.०२ मिळतंय. अल्फा शून्य असल्यामुळे ओव्हर ते मागच्या चित्रात थेट मिळवतो. ग्रेडच्या तळाशी '(अन)प्रीमल्ट बाय' आहे, तिथे अल्फा निवडा, म्हणजे ग्रेडआधी अल्फाने भागून नंतर परत गुणलं जाईल.

फ्युजनप्रेमी: फ्युजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कलर करेक्टरला प्री-डिव्हाइड/पोस्ट-मल्टिप्लायची एक टिचकी, झालं. शिवाय फुकट.

रोटोवाला: प्रश्न न्यूकचा आहे.

फ्युजनप्रेमी: गणित तेच आहे ना!

नोडगाठ: गणित तेच, पण उद्या सकाळी शॉट द्यायचाय, सॉफ्टवेअर बदलायचं नाहीये. काळीकड, पुढच्या वेळी कीलाइटकडून फक्त अल्फा घ्या. रीडमधून दोन फांद्या काढा. एक कीलाइटला, दुसरी डिस्पिल (पडद्याची हिरवी झाक काढणं) आणि ग्रेडला. मग के दाबून कॉपी नोड: ए ला कीलाइट, बी ला ग्रेडची फांदी. त्याखाली प्रीमल्ट, एकदाच. ट्रान्सफॉर्म आणि ब्लर त्याच्याही खाली.

काळीकड: धूर गेला. आत्ताच तशी मांडणी करून पाहिली, पण केस हिरवे दिसतायत??

नोडगाठ: डिस्पिल वगळलंत. कीलाइट ते स्वतः करत होता, आता तुम्हाला करावं लागेल. एक्स्प्रेशन नोड, हिरव्या चॅनलच्या रकान्यात: g > (r+b)/2 ? (r+b)/2 : g