माडावरची पांढरी माशी: वाडीने मिळून औषध मारावं का?

झावळी: झावळ्यांना खालून पांढरी बुरशी लागली, असं समजून सध्या बरेच जण फवारणीवाल्याला बोलावतायत. ती बुरशी नाही. ती चक्राकार पांढरी माशी, इंग्रजीत रुगोज. मूळची मध्य अमेरिकेची. भारतात २०१६ साली तमिळनाडूत पोल्लाचीला सापडली आणि पुढे किनारपट्टीने कोकणातही आली. मादी पानाच्या खालच्या बाजूला गोल वळणांत अंडी घालते आणि वर मेणाचा भुगा पसरते. पिल्लं रस शोषून चिकटा, म्हणजे गोड चिकट पाणी, गाळतात, चिकट्यावर काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरते, आणि माडाखालची जास्वंद, केळ, अळू सगळं काळं पडतं. दिसायला भयंकर, पण या माशीने माड मरत नाही. माझं स्पष्ट मत: रासायनिक फवारणी करू नये.

किनारा: असहमत. माड मरत नाही हे खरं, पण काजळीने पान झाकलं की त्याला ऊन मिळत नाही, म्हणजे अन्न कमी तयार होतं. रासायनिक नको म्हणून निंबतेल म्हणाल, तर ते चाळीस फुटी माडावर मारणार कसं? एका घराने मारलं आणि शेजारच्याने नाही, तर माशी परत येतेच. म्हणून पूर्ण वाडीने एकाच आठवड्यात चांगलं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारं, कीटकनाशक मारावं. अर्धवट उपायांत लोकांचे पैसे जातात.

झावळी: सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायचं, हे शंभर टक्के मान्य. औषध मात्र चुकीचं. मेणामुळे फवारा पिल्लांवर टिकत नाही, अंडी आणि कोश बरेचसे वाचतात. मरते ती उडती माशी, आणि तिच्याबरोबर एन्कार्सिया ग्वाडेलूपे ही मिलिमीटरभराचीही नसलेली गांधीलमाशी. ही पांढऱ्या माशीच्या पिल्लांच्या आत अंडी घालते आणि तिची अळी पिल्लाला आतून खाते. ती गेली की वाचलेल्या अंड्यांतून महिन्याभरात माशी पुन्हा उभी राहते, या वेळी शत्रूशिवाय.

आधी हे बघा. खालच्या झावळीची चार-पाच पाती काढा आणि मेण बोटाने हलकेच पुसून भिंगाखाली धरा. पिवळट-पांढरा कोश म्हणजे माशीचा. काळा पडलेला म्हणजे आत एन्कार्सिया. रिकाम्या कोशावर इंग्रजी ‘टी’सारखी चीर असेल तर माशी बाहेर पडली; गोल भोक असेल तर मित्रकीटक. पन्नास कोश मोजा. निम्मे काळे किंवा गोल भोकाचे निघाले, तर मी निंबतेलही मारणार नाही.

परसबाग: आणि काळे सापडलेच नाहीत तर?

झावळी: जिथे भरपूर आहेत तिथून आणा. त्या झावळीची वीतभर लांबीची पाती कापून आपल्या माडाच्या किडलेल्या पानाखाली सुतळीने बांधा. बहुतेक कोश काळे आहेत याची खात्री करूनच आणा, नाहीतर माशीच घरी आणाल. आणि एक कळकळीची विनंती: तोडलेल्या झावळ्या लगेच जाळू नका. काळ्या कोशांतले मित्रकीटक आगीत जातात.

किनारा: हे उंच माडांचं झालं. पेरू, केळ, ठेंगू माड यांचं काय? तिथे वाट बघणं मला पटत नाही.

परसबाग: तिथे पाण्याचा जोरदार झोत पानाच्या खालून. तेवढ्याने बरीच माशी आणि पिल्लं खाली येतात. मग निंबतेल लिटरला ५ मिली. दहा लिटरच्या पंपाला ५० मिली तेल. धुण्याच्या साबणाचा साधारण ५० ग्रॅम कीस कोमट पाण्यात विरघळवायचा, त्यात तेल ओतून दुधासारखं पांढरं होईपर्यंत घुसळायचं, मगच उरलेलं पाणी. वर तेलाचा तवंग दिसला तर मारू नका. एका पानावर तेल जास्त पडतं आणि ते करपतं. संध्याकाळी मारा, खालून वर मारा, केलेलं त्याच दिवशी संपवा.

काजळीला खळ: लिटरला १० ग्रॅम मैदा किंवा स्टार्च, उकळून, गार करून, गाळून. न गाळल्यास नोझल तुंबतं. पानावर वाळली की पापुद्रा सुटतो आणि काजळी घेऊन पडतो.

शहाळं: मुळातून औषध देतात ना? नारळावरच्या कोळी या बारीक किडीसाठी सगळीकडे देतात.

झावळी: कोळीसाठी देतात ते निंबोळीचं: ५ टक्के अझाडिरेक्टिन ७.५ मिली, तेवढंच पाणी, पेन्सिलीएवढ्या जिवंत मुळाला तिरका काप देऊन पिशवीत बांधायचं, आणि पुढे ४५ दिवस नारळ काढायचे नाहीत. आंतरप्रवाही विष असं मुळातून दिलं तर ते शहाळ्यापर्यंत पोचू शकतं. घरातली मुलं ज्या माडाचं पाणी पितात, त्याला हे करूच नये.

किनारा: शहाळ्याचा मुद्दा मान्य, मुळातून नको. खळ आणि झोतही मान्य. पण पिवळे चिकट सापळे तरी वाडीभर लावू.

परसबाग: पिवळ्या रंगावर एन्कार्सियाही येते. उडती माशी दाट असेल तेवढ्या दिवसांपुरते, कमी उंचीवर लावा. काळे कोश दिसू लागले की त्याच दिवशी काढा.

किनारा: मग सभेत ठराव असा मांडतो: औषधाचा खर्च थांबवायचा, आधी प्रत्येक आगरातल्या दोन माडांचे कोश मोजायचे. महिन्याने पुन्हा मोजू. काळे वाढले नाहीत, तर मी फवारणीचा विषय परत काढणार.