पेंटानंतर ताप आला, आता दुसऱ्या डोसला घरचे नाही म्हणतात

उपकेंद्र_सिस्टर:
दीड महिन्याचा पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) दिला की रात्री ताप आणि मांडीला सूज. अडीच महिन्यांच्या डोसला आजी अडून बसतात, "बाळ रात्रभर रडलं, आता नको." "काही होत नाही हो" म्हटलं की जास्तच बिनसतं. काय बोलावं?

लसटोचक:
ताई, ते वाक्यच सोडा. होतं ते आजींनी डोळ्यांनी पाहिलंय. पेंटातल्या डांग्या खोकल्याच्या लसीत मारलेला अख्खा जंतू असतो, ताप मुख्यतः त्यामुळे येतो आणि बहुतेकदा एक-दोन दिवसांत उतरतो. हे सुई टोचायच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं की सारवासारव वाटते.
आधी आजींनाच विचारा: ताप किती दिवस टिकला, झटका आला होता का, अंगावर गांधी किंवा श्वासाचा त्रास? यातलं काही असेल तर पुढचा डोस डॉक्टरांना दाखवूनच. नुसता ताप आणि सूज असेल तर डोस थांबवायचं कारण नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा डांग्या खोकल्यात श्वासच थांबू शकतो, हेही आजींना स्पष्ट सांगा.

बालरोग_ओपीडी:
खरी गडबड पॅरासिटामॉलच्या बाटलीत होते. मात्रा दर किलोला १० ते १५ मि.ग्रॅ. चार किलोच्या बाळाला ४० ते ६० मि.ग्रॅ. ड्रॉप्समध्ये १ मि.लि.ला १०० मि.ग्रॅ. असतं, म्हणजे अर्धा मि.लि. पुरे. १२५ च्या सिरपमध्ये ५ मि.लि.ला १२५, म्हणजे २ मि.लि. "दोन मि.लि. द्या" एवढंच सांगितलं आणि घरात ड्रॉप्स असले, तर बाळाला चौपट औषध जातं. बाटली हातात घेऊन ड्रॉपरवर पेनाने खूण करून द्या. ताप आला तरच द्यायचं, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून.

उपकेंद्र_सिस्टर:
आणि सुजेला? घरी हळद, चुना लावतात.

लसटोचक:
काही चोळायचं, लावायचं नाही. गार पाण्याचं ओलं फडकं ठेवायचं, दूध चालू ठेवायचं. टोचल्यावरच्या अर्ध्या तासाच्या थांबण्यात हे सगळं आईकडून एकदा वदवून घ्या. तीन तासांहून जास्त सलग रडणं, दूध सोडणं, झटका, मलूल पडणं किंवा दोन दिवसांनंतरही ताप राहणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखान्यात. आणि कार्डावर पुढची तारीख लिहून ती मोठ्याने वाचून दाखवा.