बँकेच्या नावाने आलेले खोटे मेल : तुम्ही कसे ओळखलेत?

परवा सोसायटीच्या ग्रुपवर तिघांनी एकाच मेलचा स्क्रीनशॉट टाकला. 'केवायसी अपूर्ण, 24 तासांत खातं गोठवणार.' लोगो, रंग, तळटीप, सगळं चोख. 'सावध राहा' हे ऐकून कान किटले. नेमकी शंका कुठे आली, तेवढं लिहा.

डोंबिवलीकर :
पाठवणाऱ्याच्या नावावर टॅप केलं. नाव बँकेचं, आतला पत्ता कुठल्याशा टाइल्सच्या दुकानाचा! मग लिंक नुसती दाबून धरली. सुरुवातीला बँकेचंच नाव होतं, पण त्याला भुलायचं नाही. आधीच्या जोड-रेघा (//) सोडून पुढची पहिली एकटी तिरपी रेघ (/) शोधायची नि तिथून मागे वाचत यायचं. खरा मालक तिथे असतो. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025पर्यंत वेबसाइटचा पत्ता 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं, त्यामुळे हे तपासणं सोपं झालंय. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका, ते चोरालाही फुकट मिळतं.

नगरची लेक :
बाबांना बरोब्बर नोव्हेंबरात मेल : हयातीचा दाखला भरा, नाहीतर पेन्शन बंद. बाबा म्हणाले, "माझी बँक मला नावाने लिहिते, हा 'प्रिय ग्राहक' कोण?" सोबत एचटीएमएल फाइल (वेबपानाची फाइल) होती. भावाने ती जुन्या, नेट नसलेल्या लॅपटॉपवर उघडली. हुबेहूब लॉगिनचं पान, पण वर वेबसाइटच्या पत्त्याच्या जागी फाइलचंच नाव!

निवृत्त बँकवाला :
ताई, बाबांना नमस्कार. पण नाव बरोबर आहे म्हणून मेल खरा धरू नका. नावं-नंबर कधीच फुटलेत. ओटीपी दिला गेलाच तर आधी बँकेला कळवा, लगेच 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. रिझर्व्ह बँकेने 2017च्या परिपत्रकात सांगितलं होतं : आपल्या हलगर्जीपणाने गेलेले पैसे कळवेपर्यंत आपल्या माथी, कळवल्यानंतरचे बँकेच्या. रविवार आहे, उद्या शाखेत जाऊ, असं म्हणणारे खूप पाहिलेत.

लंडनहून :
इथे बऱ्याच बँका मेलमध्ये आपल्या पोस्टकोडचा तुकडा छापतात. तो नसला की मी पुढे वाचतच नाही. असला तरी निवृत्तकाकांचं म्हणणं इथेही लागू.

आळशी :
मी मेलमधून काहीच करत नाही. ॲप उघडतो. खातं खरंच गोठलं असेल तर तिथे दिसेलच की.